जिवाणू स्पंज नव्हेत

वर्षानुवर्षे फिरणारा समज: ‘जिवाणू स्पंजसारखे असतात, आजूबाजूला असेल ते आपोआप आत झिरपते.’

ऑक्सिजनसारख्या छोट्या रेणूंपुरते हे खरेच आहे, त्यामुळे समज सहज पटतो. पण साखर, फॉस्फेट, लोह यांना पेशीपटल अडवते. त्यांना आत घेतात ती वाहक प्रथिने. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये पटलाबाहेर फॉस्फेट पकडणारे वेगळे प्रथिनही असते, आणि ते भलतेच चोखंदळ! आकाराने जवळपास तसेच असलेले सल्फेट ते घेत नाही. फॉस्फेटवरच्या हायड्रोजनशी जुळणारी जागा सल्फेटला जुळत नाही. योग्य रेणू बसला की प्रथिनाचे दोन भाग त्याच्याभोवती मिटतात. मग एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून तो आत नेला जातो. लोहाची टंचाई असली तर अनेक जिवाणू लोह धरून आणणारे रेणूच बाहेर सोडतात.

पडताळायचे कसे? नुसते झिरपणे असते तर लॅक्टोजचे (दुधातल्या साखरेचे) आतले प्रमाण बाहेरच्यापेक्षा वाढले नसते, ते वाढते. बाहेरची साखर वाढवत नेली तरी आत येण्याचा वेग एका मर्यादेवर अडतो, कारण वाहक मोजकेच. आणि माल्टोज ही साखर पकडणाऱ्या प्रथिनाचे जनुक काढले, तर तो जिवाणू थोड्याशा माल्टोजवर वाढत नाही. ग्लुकोजवर मात्र छान वाढतो.