श्रवणसाहाय्यक श्वान

कर्णबधिर किंवा कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीला भोवतालच्या आवाजांची सूचना देण्यासाठी तयार केलेला कुत्रा. दाराची घंटा, घड्याळाचा गजर, तान्ह्या बाळाचे रडणे, कुणी नावाने मारलेली हाक असे ठरावीक आवाज त्याला ओळखायला शिकवतात. आवाज येताच तो नाकाने वा पंजाने मालकाला स्पर्श करतो आणि आवाज आला तिथवर घेऊन जातो. आगीच्या भोंग्याचे मात्र वेगळे. मालकाला आगीकडे नेऊन चालणार नाही, म्हणून अशा वेळी स्पर्श करून लगेच जमिनीवर आडवे व्हायला काही संस्था शिकवतात.

या कामाची खरी अवघड बाजू अशी, की ते आज्ञेवाचून करायचे असते. अंधांचा मार्गदर्शक श्वान धोका दिसल्यास आज्ञा मोडतो, तरी एरवी त्याला सूचना मिळत असतात. चाकाच्या खुर्चीतील माणसाला वस्तू उचलून देणारा कुत्राही सांगितल्यावर उठतो. इथे मालकाला आवाज कळलेलाच नसतो. मग सांगणार कोण? त्यामुळे गाढ झोपेतूनही चटकन उठणारे, चौकस, माणसांत रमणारे कुत्रे निवडतात. लॅब्रेडॉर, कॉकर स्पॅनियल, पूडल यांच्याबरोबरच निवारागृहांतील संकरित कुत्रेही ते उत्तम करतात. शिकवण बक्षिसावर चालते आणि घरी आल्यावरही मालकाला ती चालू ठेवावी लागते. कौतुक थांबले की सवय विरत जाते.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची शाळा निघाली. बधिरांना मात्र बरीच वाट पाहावी लागली: अमेरिकेत 1970 च्या दशकात आणि ब्रिटनमध्ये 1982 मध्ये असे संघटित काम सुरू झाले.

बहिरेपण दिसत नाही, त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या माणसाला कुत्र्यासह दारातच अडवले जाते. हे अन्यायाचे आहे. अमेरिकेतील 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्याच्या नियमांनुसार, कुत्र्याची गरज उघड दिसत नसेल तर दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. कागदपत्रे मागता येत नाहीत. कुत्र्याच्या अंगावर ओळखीचे जाकीट असण्याचीही सक्ती नाही. निव्वळ मानसिक आधारासाठी बाळगलेल्या प्राण्याला हे संरक्षण मिळत नाही. जपानने 2002 च्या कायद्यात मार्गदर्शक, मदतनीस आणि श्रवणसाहाय्यक या तिन्ही श्वानांना सार्वजनिक जागी प्रवेशाचा हक्क दिला.