सर्बियन वधूचा गंभीर चेहरा

सर्बियातील जुन्या लग्नांची छायाचित्रे फिरू लागली की त्यांच्यासोबत एक समजही फिरतो: वधू हसत नाही, म्हणजे तिला पळवून किंवा बळजबरीने आणले असणार. वधू पळवण्याची प्रथा बाल्कन प्रदेशात होती, हे खरे. पण तिचा पुरावा चेहऱ्यावर शोधणे चूक आहे, कारण त्या छायाचित्रांत वर, वऱ्हाडी आणि वरातीत थट्टामस्करी करण्याचा मान असलेला ‘चाऊश’ही तितकेच गंभीर दिसतात. ‘कॅमेरा फार वेळ घेई’ हे नेहमीचे उत्तरही अपुरेच, कारण 1880 नंतर कॅमेऱ्यात कोरड्या रासायनिक लेपाच्या काचा रुळल्या आणि छायाचित्र टिपायला लागणारा वेळ एका सेकंदावर किंवा त्याहूनही खाली आला, तरी चेहरे तसेच राहिले. खरे कारण शिष्टाचाराचे: छायाचित्र ही घराण्याची नोंद मानली जाई, आणि माहेर सोडणाऱ्या मुलीने मान खाली घालून संयमाने वागावे, अशी अपेक्षा असे. शिवाय तिच्या शेजारचा पुरुष नवराच असेल असेही नाही. वरातीत तिला सांभाळणारा ‘देवेर’, म्हणजे बहुधा तिचा दीर, तिच्याजवळच असे.