लिहिणाऱ्यांनो, अक्षरजुळणीला देण्याआधी

पावसाळा लागला की आमच्या काउंटरवर कथांच्या पिशव्या यायला लागतात. दिवाळी अंकांची ही धांदल जुनीच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची.

आमचं काम अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन. कथा चांगली की वाईट, हे आम्ही सांगत नाही. पण दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोटांखालून जातात, त्यामुळे कुठलं वाक्य अडखळतंय ते कळतं. त्यातलं थोडं या पत्रकात.

कथा मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नाही, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांबलंय आणि जिथे तुम्हालाच लाज वाटते तिथे ते खोटं आहे. 'रमेशच्या मनात भावनांचा कल्लोळ उठला' हे वाक्य आम्ही दर वर्षी जुळवतो, फक्त रमेश बदलतो. त्याऐवजी 'रमेशने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. चहावर साय धरली होती' असं लिहून पाहा. कल्लोळाचं नाव न घेता तो दिसतो.

आजी घरात मालवणी किंवा अहिराणी बोलत असेल, तर कथेतही तिला तसंच बोलू द्या. आम्ही ते 'शुद्ध' करणार नाही. मात्र निवेदनात नियम पाळतो. 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व. 'वस्तू' दीर्घ, पण 'वस्तुस्थिती' ऱ्हस्व. आणि 'दीन' म्हणजे गरीब. समारंभाच्या फलकावर 'मराठी भाषा गौरव दीन' लिहिलंत, तर भाषेची कीव केल्यासारखं होतं.

लिहायला बसलात आणि काही सुचत नसेल, तर हा खेळ खेळा. काना, मात्रा, वेलांटी, उकार यातलं काहीही न वापरता वाक्यं रचायची. 'मदन, ऊठ. गरम वरण कर. मग कणभर मध चख.' सोपं वाटतंय? मग याच अटीवर भयकथा लिहा. आमच्याकडे दुपारच्या चहाला जमलेली ही: 'घर बंद. नळ बंद. पण टप टप टप.' अशा अटीमुळे सवयीचे शब्द हाताशी राहत नाहीत आणि एरवी सुचले नसते असे शब्द शोधावे लागतात. दोघं-तिघं असाल तर एकाने पहिलं वाक्य लिहायचं, कागद दुमडायचा आणि पुढच्याला फक्त शेवटचा शब्द दाखवायचा. मुलांना सामील करून घ्या, ती मोठ्यांपेक्षा बेधडक लिहितात.

आता कामाचं. पानाच्या एकाच बाजूला लिहा, पाठपोट नको. डावीकडे दोन बोटं समास सोडा आणि पानांना क्रमांक घाला. खाडाखोड असली तरी चालेल, उलट ती पाहून आम्हाला बरं वाटतं. एकही शब्द न खोडलेलं हस्तलिखित बहुधा एकदाच लिहिलेलं असतं. घरी टाइप केलं असेल तर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फाँटमधला मजकूर दुसरीकडे उघडला की बऱ्याचदा नुसती चिन्हं दिसतात.

प्रूफ (तपासायला दिलेली छापील प्रत) हातात आल्यावर तेही मोठ्यानेच वाचा, शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी ऐकवत. आणि पात्रांची नावं त्याआधीच पक्की करा. एका बाईंनी ऐन वेळी 'माया'ची 'छाया' करायला सांगितलं. आम्ही संगणकावर सगळीकडे एकदम बदल केला आणि त्यांच्या कथेतली मायाळू आजी 'छायाळू' झाली. शेवटच्या प्रूफात सापडली, म्हणून वाचलो.