ऑनलाइन बाजारपेठांतील फसवे विक्रेते (खानदेशच्या संदर्भात)

ज्या ऑनलाइन बाजारपेठेत कंपनी स्वतःचा माल न विकता अनेक स्वतंत्र विक्रेत्यांना दुकान मांडायला जागा, पैसे वसुलीची सोय आणि घरपोच पोहोचवण्याची व्यवस्था पुरवते, तेथे मालाविषयी, किमतीविषयी किंवा स्वतःच्या ओळखीविषयी जाणूनबुजून खोटे सांगून ग्राहकाचे पैसे घेणाऱ्यास फसवा विक्रेता म्हणतात. पार्सल उशिरा येणे किंवा चुकून दुसऱ्या मापाचा सदरा येणे ही सेवेतील त्रुटी होय. फसवणुकीत हेतू असतो, आणि तो एका व्यवहारावरून ओळखता येत नाही. पारोळ्याच्या ग्राहकाला जी नजरचूक वाटते, तीच त्या आठवड्यात शंभर ठिकाणी घडलेली असू शकते, पण त्या शंभर तक्रारी एकत्र पाहण्याची सोय फक्त कंपनीकडे असते. या विषयातील जबाबदारीचा सारा वाद या एका गोष्टीवर उभा आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत आठवडे बाजार अजून चांगलाच नांदता आहे. तेथे भांड्यांचा किंवा मिरचीचा विक्रेता पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसणार असतो, आणि खोटा माल दिल्यास गिऱ्हाईक तो चारचौघांत त्याच्यासमोर आणून टाकते. ही ओळख सुटली की काय होते, याचा अनुभव या भागाने मोबाइलवरील खरेदीच्या आधीच घेतला आहे. रावेर-यावल पट्ट्यातील केळी किंवा गावोगावचा कापूस बांधावरून उधारीवर उचलून व्यापारी पसार झाल्याच्या तक्रारी येथे जुन्या आहेत. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याखालील बाजार समित्यांनी यावर दोन उपाय वापरले: खरेदीदाराला परवान्याची सक्ती आणि शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे देण्याचे बंधन. ऑनलाइन बाजारपेठांना पुढे जे करावे लागले, ते मुळात याच दोन गोष्टींचे, म्हणजे विक्रेत्याची नोंद ठेवण्याचे आणि पैशावर ताबा ठेवण्याचे, वेगळे रूप आहे.

फसवणुकीच्या रीती अनेक असल्या तरी सर्वांत अधिक चालणारी रीत नकली मालाची आहे. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपाचे उदाहरण या भागाला जवळचे आहे. चित्रात नामांकित कंपनीचा पंप असतो; खोक्यातून निघालेल्या पंपावर त्याच नावातील एक अक्षर बदललेले असते, आणि बॅटरीवर बारा अँपिअर-अवरचा कागद चिकटवलेला असला तरी ती हाताला हलकी लागते. पेरणीच्या सुमारास स्वस्तात मिळतो म्हणून मागवलेला हा पंप कपाशीवरच्या पहिल्या फवारणीपर्यंत खोक्यातच राहतो. दोन टाक्या मारल्या की दाब उतरतो आणि मग शोध लागतो की माल परत करण्याची आठ-दहा दिवसांची मुदत केव्हाच संपलेली आहे. मुदत ग्राहकाच्या हातात माल आल्याच्या दिवसापासून मोजली जाते, वापराच्या दिवसापासून नव्हे, आणि हंगामी वस्तूंच्या बाबतीत हा नियम फसव्या विक्रेत्याच्या पथ्यावर पडतो.

दुसरी रीत ‘नाव कमावून पसार होण्याची’ आहे. विक्रेता काही महिने शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तू प्रामाणिकपणे पाठवून चांगले शेरे गोळा करतो, नंतर सणाच्या तोंडावर महागड्या वस्तू निम्म्या भावात मांडतो आणि पैसे हाती पडताच खाते सोडून देतो. काही जण इतरांचे जुने, निपचित पडलेले खाते विकत घेतात किंवा बळकावतात. भ्रमणध्वनीच्या कव्हरवर मिळालेले हजारो चांगले अभिप्राय त्याच पानावर वस्तू बदलून मिक्सरला चिकटवण्याची युक्तीही रूढ आहे. कोणी न मागवलेले पार्सल ‘पैसे देऊन घ्या’ म्हणून घरी पाठवणे हा प्रकार खेड्यांत अधिक चालतो, कारण मोबाइल मुलाकडे असतो, पार्सल आई किंवा आजोबा घेतात, आणि मुलानेच मागवले असेल या समजुतीने पैसे मोजले जातात. विक्रेता ग्राहकाला बाजारपेठेबाहेर बोलावून थेट यूपीआयने रक्कम पाठवायला सांगतो, तेव्हा मात्र ग्राहक कंपनीच्या संरक्षणाबाहेर गेलेला असतो.

बियाण्यांच्या बाबतीत नुकसान वस्तूच्या किमतीपुरते राहत नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या वाणाला भारतात व्यापारी लागवडीची मान्यता नसल्याने अशा पाकिटावर ना खरा लॉट क्रमांक असतो, ना त्याची पक्की पावती मिळते. उगवण झाली नाही तर शेतकऱ्याचा पूर्ण हंगाम जातो आणि दाद मागायला हातात काही उरत नाही. सोन्याची गोष्ट वेगळी आहे. जळगावच्या सराफ बाजाराचे नाव वापरून दागिने विकणाऱ्याची पारख ग्राहक स्वतः करू शकतो, कारण १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असणे आवश्यक आहे आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

खरेदीदाराला मालाची प्रत कळत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजारपेठेने यावर तोडगा म्हणून पुढच्याच वर्षी परस्परांना शेरे देण्याची पद्धत आणली, आणि आजची तारे देण्याची पद्धत त्यातूनच आली. चीनमधील ताओबाओ या बाजारपेठेने २००३ मध्ये अलीपे या पैसे देण्या-घेण्याच्या सेवेची जोड देऊन वेगळा मार्ग धरला: माल हाती पडेपर्यंत पैसे मधल्या खात्यात ठेवायचे. या दोहोंत दुसरा उपाय निश्चितच अधिक पक्का आहे. तारे विकत घेता येतात, पण अडकवून ठेवलेले पैसे विक्रेत्याला माल दिल्याशिवाय सुटत नाहीत.

भारतातील मोठ्या कंपन्या हे दोन्ही उपाय वापरतात. नोंदणीच्या वेळी पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँक खाते तपासले जाते. विक्रीची रक्कम परतीची मुदत लक्षात घेऊन काही दिवसांनी दिली जाते. एकच बँक खाते, पत्ता किंवा उपकरण वापरणारी वेगवेगळ्या नावांची दुकाने संगणक जोडून पाहतो. नाममुद्रेच्या मालकाला नकली वस्तूंची पाने हटवण्याचा अधिकार मिळतो. महाग वस्तूंसाठी दारातच खोके उघडून दाखवले जाते. ही शेवटची सोय सर्व पिनकोडांवर मिळत नाही. शहराच्या ग्राहकाला दारात मिळणारी खात्री नंदुरबारमधील धडगाव-अक्कलकुव्याच्या ग्राहकालाही तितकीच हवी असते.

या कडक उपायांचा फटका प्रामाणिक विक्रेत्यालाही बसतो. ज्वारीचे बिबडे (पापडाचा एक प्रकार) वाळवून विकणाऱ्या बचत गटाचे पार्सल वाटेत चुरा झाले, तर ‘वेगळी वस्तू आली’ या शेऱ्याखाली ते परत येते, रक्कम कापली जाते, आणि अशा चार-दोन परतींनंतर खाते गोठते. उलट दिशेने, चांगला माल काढून घेऊन जुना माल परत पाठवणारे ग्राहकही असतात. खाते बंद करण्याचे कारण नीट सांगणारा आणि मराठीत बोलणारा माणूस पलीकडे असणे ही अशा विक्रेत्यांची सर्वांत मोठी गरज आहे. ती आज पुरेशी भागत नाही.

कायद्याच्या दृष्टीने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७९ मध्यस्थ कंपनीला इतरांच्या मजकुराच्या दायित्वातून अटींवर सूट देते. दिल्ली उच्च न्यायालयाने ख्रिश्चन लुबुतँ या पादत्राणांच्या नाममुद्रेच्या २०१८ च्या प्रकरणात विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या मंचाला ही सूट नाही असे म्हटले, तर २०२० मध्ये ॲमवे प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने सक्रिय-निष्क्रिय हा भेद कायद्यात नसल्याचे सांगितले. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे बाजारपेठेने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि संपर्क दाखवणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. खोटे ग्राहक होऊन अभिप्राय लिहिण्यास विक्रेत्याला मनाई आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयएसआय मानक न पाळणारे २,२६५ प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड करून ग्राहकांना पैसे परत देण्याचा आदेश दिला. विक्रेत्यापाशी न थांबता बाजारपेठेलाच जबाबदार धरणारा म्हणून हा आदेश महत्त्वाचा आहे.

खानदेशातील ग्राहकासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमातील सर्वांत उपयोगी तरतूद ठिकाणाची आहे. विक्रेता सुरतेचा असो वा दिल्लीचा, ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीसाठी शुल्क नाही. पंप वा बियाणे शेतीसाठी घेतले म्हणजे ती व्यापारी खरेदी झाली, हा कंपन्यांचा बचाव टिकत नाही. शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन प्रकरणात म्हटले आहे. आयोगापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पैसे थेट खात्यातून गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात फोन करावा, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता राहते. पुरावा म्हणून खोक्यावरचे लेबल सर्वांत मोलाचे असते, कारण त्यावर विक्रेत्याचा पत्ता, ऑर्डर क्रमांक आणि बहुधा वजनही छापलेले असते. पंपाच्या खोक्यावर पाच किलो छापून आत वीट निघाली असेल, तर खोके चुलीत घालण्यापूर्वी त्या लेबलाचे आणि विटेसह काट्यावरच्या वजनाचे छायाचित्र घ्यावे.