बॉर्डर स्लिप ते सातबारा: झाडीपट्टीतल्या कॅम्पांची पार्श्वभूमी

गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी पट्ट्यात आणि गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ‘कॅम्प’ म्हटलं की कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सुंदरनगर, विवेकानंदपूर, अरुणनगर, गौरनगर ही पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या बंगाली कुटुंबांची आता रीतसर गावं आहेत. ग्रामपंचायत आहे, शाळा आहे, बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मासे आहेत. तरी आठवडी बाजारात तिथला माणूस ‘कॅम्पातला’च असतो. या कुटुंबांच्या फायली सांभाळणाऱ्याला आम्ही केस वर्कर म्हणतो, कॅम्पातली माणसं ‘कागदवाले दादा’ म्हणतात. साठ वर्षं उलटूनही हे काम का संपत नाही, याचं उत्तर आजच्या तहसीलमध्ये कमी आणि जुन्या सरकारी शब्दांत जास्त सापडतं.

फाळणीची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या भागापुरतं बघायचं तर 1958 मध्ये केंद्रानं दंडकारण्य विकास प्राधिकरण नेमलं, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यात वसवायचं धोरण ठरलं. 1964 च्या सुरुवातीला तिकडे दंगली उसळल्या आणि पुन्हा लोंढा आला. रायपूरजवळचा माना कॅम्प हे त्यांचं पहिलं मोठं ठिकाण. तिथं तंबूत राहायचं, ‘डोल’ म्हणजे सरकारी निर्वाहभत्ता घ्यायचा आणि कुठं पाठवतात याची वाट बघायची. तेव्हाच्या चांदा आणि भंडारा जिल्ह्यांत आलेली बरीच कुटुंबं याच वाटेनं आली. जमीन मिळाली, घराला आणि बैलांना कर्ज मिळालं. पाण्याच्या देशातली माणसं सागवानाच्या जंगलात उतरवली गेली.

ती जमीन रिकामी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. ज्या रानात माडिया-गोंडांची गुरं चरत होती, मोहफूल वेचलं जात होतं, तेच रान मोजून दिलं गेलं. त्यांना कुणी विचारलं नाही. ही सल अजून आहे आणि ती खोटी नाही. पण तिचा राग कॅम्पातल्या माणसावर निघतो, निर्णय घेणाऱ्यावर निघत नाही.

आता मुद्द्याचा शब्द. 1954 मध्ये विस्थापितांची भरपाई आणि पुनर्वसन यांचा केंद्रीय कायदा झाला. त्यातली ‘विस्थापित व्यक्ती’ची व्याख्या नीट वाचली की घशात काटा अडकतो, कारण ती पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरती आहे. तिकडे घर, दुकान, शेत टाकून आलेल्याला इथं त्याबदली भरपाई मागता येत होती. पूर्वेकडून आलेल्याला ती सोय नव्हती. कारण असं दिलं गेलं की एप्रिल 1950 च्या नेहरू-लियाकत करारानुसार पूर्वेकडच्या लोकांचे मालमत्तेवरचे हक्क तिकडे शाबूत आहेत आणि ते परत जाऊ शकतात. कागदावर हे खरं होतं. बारिसाल, खुलना, फरीदपूरकडून रात्रीत निघालेल्या माणसाला त्याचा काय उपयोग होता?

त्यामुळे पूर्वेच्या लोकांसाठी भरपाईचा हक्क नव्हता, होती ती ‘मदत’. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हक्काचा हिशेब मागता येतो. मदत देणारा थांबला की ती थांबते. शिवाय मदतीसाठीही तारखा पाडल्या गेल्या. मार्च 1958 अखेरपर्यंत आलेले ‘जुने’, 1 जानेवारी 1964 ते 25 मार्च 1971 मधले ‘नवे’. मधल्या पावणेसहा वर्षांत आलेले कशातच नाहीत. नव्यांना पुनर्वसन हवं असेल तर पश्चिम बंगालच्या बाहेर जायची तयारी दाखवावी लागे. ‘हे लोक आपल्या मर्जीनं इथं आले’ असं चौकात ऐकू येतं तेव्हा ही अट सांगावीशी वाटते. 25 मार्च 1971 नंतर आलेल्यांना तर परत जाणारे म्हणूनच धरलं गेलं. भावाची नोंद आधीची आणि बहिणीची नंतरची, अशी घरं कॅम्पांत आहेत. त्यांच्या फायली आजही वेगवेगळ्या चालतात.

मराठीत येताना हा गुंता आणखी वाढला. आपण सरसकट ‘निर्वासित’ म्हणतो, पण भारताच्या कायद्यात निर्वासिताची व्याख्याच नाही. 1951 च्या जागतिक निर्वासित करारावर भारतानं सही केलेली नाही. ‘विस्थापित’ म्हणावं तर आमच्या पूर्व विदर्भात तो शब्द गोसीखुर्द धरणात घर गेलेल्याच्या तोंडी असतो. ‘स्थलांतरित’ म्हणावं तर मिरची तोडायला तेलंगणात जाणारा मजूर डोळ्यांपुढे येतो. शाळेत गुरुजी ‘स्थलांतरित पालक’ लिहितात ते याच अर्थानं. पण 2003 च्या दुरुस्तीनं नागरिकत्व कायद्यात ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ हा शब्द आणला, आणि तेव्हापासून कॅम्पातल्या आईला फॉर्मवर ‘स्थलांतरित’ दिसला की तिचा हात थबकतो. मी स्वतः पाहिलं आहे. मिरचीच्या हंगामासाठीचा साधा फॉर्म होता, बाईनं पेन खाली ठेवलं.

सुरुवातीला केस वर्करची गरज नव्हती, कारण कॅम्पचा अधिकारीच सगळं बघायचा. डोल, धान्य, दवाखाना, जमिनीचं वाटप, सगळं एका टेबलावर. वसाहती उभ्या राहिल्या तसं ते टेबल उठलं, आणि माणसं नेहमीच्या तलाठी-तहसील व्यवस्थेत सोडली गेली. त्या व्यवस्थेकडे त्यांचं मागचं पान नव्हतं. पुढे 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला आणि 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया. जुन्या नोंदी एका जिल्ह्यात आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यात, अशी अवस्था झाली.

आमचं रोजचं काम या पोकळीतलं आहे. म्हातारी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढते. आत आठ घड्या घातलेली बॉर्डर स्लिप, म्हणजे सीमा ओलांडताना मिळालेली नोंदीची चिठ्ठी. घडीवरची अक्षरं पुसलेली, शाई जांभळट झालेली, नवऱ्याच्या नावाखाली ‘सोबत बायको आणि 3 मुलं’ एवढीच तिची नोंद. तिचं नाव कुठेच नाही. मग रेशनकार्ड, मतदारयादी, सातबारा, आधार जमिनीवर ओळीनं मांडायचे. आडनाव एका कागदावर मंडल, दुसऱ्यावर मोंडल, तिसऱ्यावर मोंडोल. बंगालीत उच्चार एकच आहे, लिहिणारे तीन होते. वर आपल्या मराठी पद्धतीत मधलं नाव लागतं. बंगाली नावात ते नसतं, म्हणून कुणा कारकुनानं वडिलांचं नाव मध्ये घातलेलं असतं, कुणी घातलेलं नसतं. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची दुरुस्ती, पुन्हा आधार. एका नावाला सहा महिने सहज जातात. सातबाऱ्यावर पुष्कळदा भोगवटादार वर्ग-2 असतो, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. वारसानं नाव चढवताना हाच मंडल-मोंडोल आडवा येतो.

जातीच्या दाखल्याची अडचण तर दुरुस्तीच्याही पलीकडची आहे. कॅम्पांतली बहुसंख्य कुटुंबं नमशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ती जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. उद्या यादीत आली तरी इथं अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात, आणि ही माणसं इथं आली 1964 नंतर, तीही सरकारनं आणली म्हणून. बंगालमध्ये ठेवायचं नाही हे सरकारनं ठरवलं, आणि बंगालमध्ये नाही म्हणून सवलत नाही, हेही सरकारच सांगतं. मला हा अन्याय वाटतो, आणि तो चुकून झालेला नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ प्रतापगडच्या बाजूला तिबेटी वसाहत आहे, नोर्गेलिंग. ती 1972 ची. कायद्यात व्याख्या नसली तरी सरकारदरबारी हे लोक निर्वासित म्हणूनच ओळखले जातात. हातात नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते मुदतीत नव्यानं करून घ्यावं लागतं. यांची अडचण उलटी: कित्येकांना आडनावच नाही. ऑनलाइन अर्ज आडनावाशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून नावाचा दुसरा अर्धा भाग आडनाव होतो, आणि सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी पडतात.

त्यांच्या इथं जन्मलेल्या पिढीचा प्रश्न एका तारखेचा आहे. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानं नागरिक. दिल्ली उच्च न्यायालयानं 2010 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये तिबेटींच्या बाबतीत हे मान्य केलं. पण ग्रामीण शाळांत जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी अंदाजानं 1 जुलै लिहीत, आणि वर्ष 1987 असेल तर त्या एका दिवसावर पासपोर्ट अडतो. पासपोर्ट मिळायचा तर नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहतीत राहू नका, अशा अटी 2017 मध्ये पुढे आल्या. ज्या घरात आईवडील आहेत तेच घर सोडायचं, म्हणून अर्ज अर्धवट ठेवलेले आहेत.

बंगाली कॅम्पांत सध्याची गडबड नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीची (सीएए) आणि 11 मार्च 2024 ला आलेल्या तिच्या नियमांची आहे. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांना तिचा आधार आहे. उशिरा आलेल्या, कागद नसलेल्या घरांना ती खरोखर उपयोगी पडू शकते. पण ज्यांची नोंदणी सत्तरच्या दशकातच झाली, किंवा ज्यांचा जन्म 1987 च्या मध्यापूर्वी इथंच झाला, तेही घाबरून अर्जाच्या रांगेत उभे राहतात. अर्ज भरणं म्हणजे आपण परदेशातून आलो असं स्वतःच्या सहीनं लिहून देणं. म्हणून आधी पेटीतले कागद मागवतो. नागरिकत्वाच्या नोंदणीचा दाखला निघाला तर त्याच्या तीन झेरॉक्स काढतो, एक घरी, एक शाळेत, एक आमच्या फायलीत, आणि अर्ज तसाच कोरा परत देतो.