संसदेच्या स्थायी समितीला निवेदन कसं पाठवायचं?

१ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण संपलं की आपल्याकडची चर्चा प्राप्तिकराभोवती फिरत राहते. खर्चाची खरी तपासणी त्यानंतर, अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत होते. संसदेच्या स्थायी समित्या तेव्हा एकेका मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्याने वर्षभराच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात, सचिवांना बोलावून प्रश्न विचारतात आणि सभागृहात अहवाल मांडतात. लोकसभेत सविस्तर चर्चा मोजक्याच मंत्रालयांवर होते. उरलेल्या मागण्या शेवटी चर्चेविना एकत्र मंजूर होतात, त्याला गिलोटिन म्हणतात. त्यामुळे कितीतरी मंत्रालयांच्या खर्चाला खोलात जाऊन प्रश्न विचारले जातात ते फक्त समितीच्या बैठकीत. म्हणूनच या समित्यांपर्यंत पोहोचायचा रस्ता सामान्य माणसाला माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

या समित्या १९९३ साली सुरू झाल्या. तेव्हा त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. लोकलेखा समिती वेगळी. ती पैसा खर्च झाल्यानंतर कॅगच्या (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) अहवालांवरून हिशेब तपासते आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

निवेदन कोण देऊ शकतं?

कोणीही. शेतकरी, शिक्षक, संस्था, संघटना, अभ्यासक. समिती एखादं विधेयक किंवा विषय तपासायला घेते तेव्हा वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना देऊन मतं मागवते. मुदत बहुधा १५ दिवसांची असते, म्हणून संकेतस्थळ अधूनमधून पाहत राहा. अनुदानाच्या मागण्यांच्या तपासणीत मुख्यतः मंत्रालयाचे अधिकारीच बोलावले जातात. त्या वेळी तुमचा मुद्दा समितीतल्या एखाद्या खासदाराकडे आधीच पोहोचवणं जास्त उपयोगी. सदस्यांची यादी संकेतस्थळावर मिळते.

कागदपत्रं

निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत मागवलं जातं, सहसा दोन प्रतींत. मराठीत नीट विचार करून लिहा आणि मग जाणकाराकडून भाषांतर करून घ्या. समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं असेल तर तसं निवेदनातच लिहावं लागतं. बोलवायचं की नाही, हा निर्णय समितीचा.

एकदा पाठवलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. ते समाजमाध्यमांवर टाकू नका, तो समितीच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो आकड्यांना. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत प्रत्येक योजनेसमोर चार रकमा असतात: गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. अंदाज मोठा, सुधारित अंदाज लहान आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोठी तरतूद, असं दिसलं तर तिथे थांबा. पैसा मंजूर होऊनही का खर्च होत नाही, हा प्रश्न समितीच्या थेट कामाचा आहे. मागणी क्रमांक आणि योजनेचं नाव लिहा, चारही रकमा द्या आणि गावात काय दिसतं ते दोन परिच्छेदांत सांगा. ‘निधी वाढवा’ एवढंच लिहिलेलं निवेदन समितीच्या हाती काहीच देत नाही.

वैयक्तिक तक्रार इथे पाठवू नका. अडकलेली पेन्शन, रखडलेला दाखला, बदली यांत समिती पडत नाही. मंत्रालयाच्या रोजच्या कारभारात लक्ष घालायचं नाही, असं नियमच सांगतो.

पुढे काय होतं?

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि समिती स्वतः तरतूद वाढवू किंवा कमी करू शकत नाही. पण मंत्रालयाला साधारण तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरांवर समिती पुन्हा कार्यवाही अहवाल काढते आणि कोणती उत्तरं पटली नाहीत तेही नोंदवते. हे अहवाल संकेतस्थळावर सर्वांना वाचायला मिळतात. तुमच्या विषयाचा जुना कार्यवाही अहवाल निवेदन लिहायला बसण्याआधीच वाचा. मंत्रालयाने आधी काय कबूल केलं होतं ते त्यात सापडतं आणि तुमच्या निवेदनाची सुरुवात तिथूनच करता येते.