छातीच्या एक्स-रेवरून विषाणू ओळखता येतो का?

विल्हेल्म रोंटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. पुढे छातीचा फोटो क्षयाच्या तपासणीत रुळला आणि फुप्फुसाचा आजार म्हटलं की आधी एक्स-रे, ही सवय डॉक्टरांइतकीच रुग्णांनाही लागली. पण फोटोत दिसते ती सूज आणि साचलेला द्रव. ते कोणत्या जंतूमुळे झालं, हे त्यात उमटत नाही.

१९३८ मध्ये अमेरिकेत हॉबर्ट रीमन यांनी एका वेगळ्या न्यूमोनियाचं वर्णन केलं आणि त्यामागे बहुधा विषाणू असावा, असा अंदाज बांधला. अशा न्यूमोनियाचं एक मोठं कारण मायकोप्लाझ्मा हा जिवाणू आहे, हे १९६० च्या दशकात पक्कं झालं. माझ्या मते एक्स-रेची मर्यादा इतकी स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण नाही.

तरीही साथ आली, खात्रीची चाचणी हाताशी नसली, की भार एक्स-रेवर पडतोच. २००३ च्या सार्स या विषाणूजन्य श्वसनरोगाच्या साथीत संशयित रुग्णाच्या फोटोत न्यूमोनिया दिसला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो ‘संभाव्य’ रुग्ण ठरे. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात स्कॅनवर न्यूमोनिया दिसलेले रुग्णही कोविडच्या मोजणीत धरले गेले आणि आकडा एका दिवसात सुमारे १५ हजारांनी वाढला.

त्याच वर्षी हाँगकाँगच्या ६४ कोविड रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या एक्स-रेत दोष दिसला तो ६९ टक्क्यांमध्ये. विषाणूच शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीने पहिल्या खेपेला मात्र ९१ टक्के पकडले. फुप्फुसातले बदल लक्षणं सुरू झाल्यावर १० ते १२ दिवसांनी सर्वाधिक होते. म्हणजे सुरुवातीचा स्वच्छ फोटो दिलासा देण्याजोगा नव्हताच. उलट सहा जणांच्या फोटोत दोष आधी दिसला, चाचणी नंतर पॉझिटिव्ह आली. २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात एक्स-रेची संवेदनशीलता (आजारी माणूस पकडण्याचं प्रमाण) ८०.६ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्याला तसं ओळखण्याचं प्रमाण) ७१.५ टक्के निघाली. म्हणजे कोविड नसलेल्या १०० जणांपैकी सुमारे २८ जणांवर कोविडचा शिक्का चुकून बसला असता.

मग संगणकाकडून आशा वाढल्या. २०२१ च्या एका पाहणीत एक्स-रे आणि सीटी वाचणाऱ्या प्रणालींचे ६२ अभ्यास तपासले गेले. रुग्णसेवेत वापरण्याजोगी एकही प्रणाली आढळली नाही. काहींनी तर तुलनेसाठी एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घेतले होते, त्यामुळे संगणक कोविडऐवजी मूल आणि प्रौढ यांतला फरक शिकण्याची शक्यता होती.